सोलापुरात न मरणारी माणसं घुसवताना

माझी गोष्ट अडली ती १९३० च्या मे महिन्यात येऊन. म्हणजे गोष्ट आजच्याच सोलापुरातली आहे, रिक्षा आहेत, जुळे सोलापुरातले फ्लॅट आहेत, चार-पाच दिवसाआड येणारं पाणी आहे, फक्त त्यात भूतंखेतं पण राहतात आणि गावाला ते साधारण माहिती असतं एवढाच फरक. बंद पडलेल्या मिलचा भोंगा रात्री वाजतो आणि मेलेले कामगार डबा घेऊन पाळीला जातात. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, तळ्यात बसून कुठल्या पेठेला कधी पाणी सोडायचं यावरनं भांडतात (आमच्याकडं आसरा चौक नावाचा चौकच आहे, त्यामुळं हे सुचलं यात माझी काय हुशारी नाही). एक मुंजा आहे, तो पूर्व भागात एका वडापावच्या गाडीमागच्या पिंपळावर असतो आणि गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये डोकावतो. दोन वर्षं हे सगळं मजेत चाललेलं.

मग एका प्रकरणात मला मार्शल लॉ बघितलेलं कुणीतरी पाहिजे झालं. सोलापुरात वाढलेल्याला हे पाठच असतं, गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. संक्रांतीच्या तोंडावर, म्हणजे ऐन गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी शाळेत असताना आम्हाला रांगेनं नेलं होतं, तिथं मला तहान लागलेली तेवढी आठवते. तर आता हे सांगणार कोण? भूत चालेना, कारण माझ्याच नियमाप्रमाणे भूत मेल्या जागी अडकतं आणि मेल्यानंतरचं त्याला काही नवीन समजत नाही. मला पाहिजे होतं तेव्हा तिथं असलेलं आणि आज मंडईत मिरच्यांचा भाव करणारं माणूस. जिवंत. म्हणलं चला, एक अमर माणूस टाकू, त्यात काय एवढं.

त्या एका माणसानं माझी सगळी दुनिया मोडून सोडली.

पहिल्या खर्ड्यात जो अमर आला त्याची आता लाज वाटते. उंच, गोरा, मानेवर रुळणारे केस, काळा लांब कोट, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावर उभा राहून गावाकडं बघणार आणि फार कमी बोलणार. वय हजार वर्षं. माझ्या धाकट्या भावाला वाचायला दिलं, त्यानं दोन पानं वाचली आणि म्हणाला, "अक्का, हे काय लिहूलालीस? मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत कोट घालून बुरुजावर? हा अमर असंल पण येडा पण आहे." आणि परत, "हजार वर्षं सोलापुरात राहिला आणि एका माणसानं पण त्याला तू कुणाचा रे विचारलं नाही?"

दुसरा प्रश्न डोक्यात बसला. आमच्याकडं नवीन भाडेकरू आला की दोन दिवसांत त्याचं आडनाव, गाव, जात, पगार आणि आईची शुगर किती एवढं गल्लीला माहिती होतं. इथं तीस वर्षं तोच चेहरा घेऊन कसं राहणार.

मी दिवसा एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, त्यामुळं अडलं की एक्सेल उघडायची सवय. म्हणलं आधी वयाचं बघू. म्हातारपण काढून टाकलं तरी माणूस मरायचे रस्ते राहतातच, ट्रक आहे, विहीर आहे, साप आहे. समजा तरण्या माणसाला वर्षाला हजारात एक एवढाच धोका धरला आणि तो कधीच वाढला नाही, तर शंभरातली पन्नास माणसं ६९३ वर्षांनी उरतात. हे बघून मी खूष झाले. मग लक्षात आलं की हजारात एक हा आजचा हिशोब, जुन्या काळाला तो लावून कसा चालेल, दुष्काळ आहेत, पटकी आहे, प्लेग आहे, १९१८ ची साथ आहे, म्हणून जुन्या काळाला शंभरात एक धरला, तर निम्मी माणसं ६९ वर्षांतच गेली. सिद्धरामेश्वरांच्या काळापासून म्हणजे बाराव्या शतकापासून धरलं तर दहा हजारातली तीन उरतात. तीन! म्हणजे हजार वर्षांचा अमर लिहायचा तर आधी दहा हजार अमर करा आणि बाकीचे मरू द्या. हे मी रात्री दीड वाजता भावाला उठवून सांगितलं आणि त्यानं उशी फेकून मारली.

(सिद्धेश्वराच्या देवळाला, अडुसष्ट लिंगांना आणि नंदीध्वजांना गोष्टीत हात लावायचा नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलेलं. थोडी भीती, थोडी श्रद्धा आणि थोडं हे पण की ती गोष्ट ऑलरेडी पूर्ण आहे, त्यात माझी भर कशाला.)

तर हजार वर्षं रद्द. मी खाली खाली येत १८७७ वर थांबले. त्या साली दोन गोष्टी एकदम आहेत. एक म्हणजे आपली जुनी मिल त्याच साली सुरू झाली. आणि दुसरं, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. सोलापूर जिल्हा त्यात पार होरपळला. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला, माती वाहायला जाणाऱ्या गड्याची मजुरी १८७७ ला कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा केली, बायकांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मी घरी वजनकाट्यावर साडेचारशे ग्रॅम ज्वारी मोजून बघितली. एका पातेल्यात बसली. दिवसभर माती वाहून एवढं, आणि त्यातलंच घरी पोरांना.

तिथं मला माझी माणसं सापडली. त्या साली कामाच्या शोधात आलेली वीस माणसं हिप्परग्याच्या तळ्याकाठी येऊन पडली. एकरुखचं तळं, आदिला नदीवर इंग्रजांनी बांधलेलं, १८७१ चं, म्हणजे तेव्हा नवंच. तळ्यातल्या आसरांना दया आली, पण तळ तर उघडा पडलेला, द्यायला पाणीच नव्हतं, म्हणून त्यांनी जे हाताशी होतं ते दिलं. तो दिवस. त्या वीस जणांचं अंग त्या दिवशी जसं होतं तसंच राहील. रोज पहाटे परत तसंच होईल. जखम झाली तर पहाटे भरलेली, हाड मोडलं तर जुळलेलं, फक्त पहाटेपर्यंत जीव टिकला पाहिजे.

हे मला एवढं आवडलं की मी दोन दिवस हवेत होते. वीस जणांची यादी केली, नावं ठेवली, त्यातली मुख्य लच्चव्वा, वय बावीस, तेलंगणातून चालत आलेली, विणकराच्या घरातली. आमचे पणजोबा-खापरपणजोबा तसेच निजामाच्या मुलखातून इकडं आले, त्यामुळं तिची बोली मला अव्वाला, आमच्या घरातल्या म्हातारीला, विचारता आली. ताकाला सल्ल म्हणायचं, असलं सगळं.

आणि मग अव्वामुळंच सगळं उलटंपालटं झालं.

अव्वानं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली पानं, दोरा, आणि रोजच्या हजार बिड्या. नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला करायला मी तिला घेऊन एका केंद्रावर गेले. मशिनवर अंगठा ठेवला, लाल लाईट. दुसरं बोट, लाल. तिथल्या पोरानं ओल्या फडक्यानं पुसायला लावलं, मग केसाचं तेल लावून बघा म्हणाला, दहाच्या दहा बोटं झाली, मशिन काय घेईना. पानं पुसून पुसून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. शेवटी डोळ्याचं मशिन दुसऱ्या टेबलावरनं आणलं तेव्हा झालं. अव्वा रिक्षात बसल्यावर बोटं बघत म्हणाली, "बोटं बिडीत गेली बिड्डा, मी तेवढी राहिले."

रिक्षा कन्ना चौकात अडकलेली, हॉर्न चाललेले, आणि माझ्या डोक्यात लच्चव्वा. अव्वाच्या बोटांना घट्टे आहेत म्हणून पान टोचत नाही. लच्चव्वाचं अंग रोज पहाटे परत त्या दिवसाचं होतं. म्हणजे तिला घट्टा पडणारच नाही! दीडशे वर्षं कांड्या भरते, सूत रोज नव्यानं बोट कापतं. भट्टीपाशी काम केलं तर रोज नव्यानं चटका. सवय नावाची गोष्टच तिला नाही. आणि मग त्याच्या पुढचं आलं आणि मी रिक्षातच "अरे देवा" म्हणाले, अव्वानं विचारलं पैसे विसरलीस का.

ती त्या दिवशी उपाशी होती ना.

कितीही जेवली रात्री, पुरणपोळी खा, मटण खा, पहाटे पोट १८७७ चं. रोज. पन्नास हजारांपेक्षा जास्त पहाटा झाल्या, प्रत्येक पहाटे दुष्काळ. आसरांनी दया म्हणून दिलं ते हे. लहानपणी अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकलेली, कपाळाची जखम घेऊन तीन हजार वर्षं फिरणार, दारोदार तेल मागणार, आमच्या घरी तर संध्याकाळी दारात कुणी तेल मागितलं की पोरांना आत घ्यायचे. पण त्यानं पाप केलेलं, त्याला शाप होता. इथं कुणी काय केलंच नाही. मला वाटतं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट लिहायला लागले, त्याआधी नुसती नावं आणि नियम जमवत होते.

अर्थात नियम बदलला की एक्सेल बोंबललं. पहाटे अंग बरं होत असेल तर प्लेगनं कोण मरणार, दुष्काळानं तर कुणीच नाही, पटकी एका दिवसात घेऊन जाते तेवढी एक धरता येते. आधीच्या हिशोबात वीसातले नऊ उरत होते आणि नऊ आकडा मला आवडलेला, तो सोडवेना. मग ठरवलं की जे अपघातात गेले ते गेले, बाकीचे भुकेला कंटाळून एक एक करून आसरांकडं परत गेले, रात्री तळ्यात उतरले आणि पहाटेच्या आधी संपले. हे एका ओळीतच लिहिलंय. वीसजणांत एक बाई पोटुशी होती असं पण एकदा मनात आलं. तिचं काय होईल हे दोन रात्री डोक्यात घोळलं आणि मी तिला यादीतनं काढलं, ते लिहायची माझी छाती नाही. पोरंबाळं कुणालाच होणार नाहीत एवढं मात्र आपोआप ठरलं, अमरांची अमर पोरं आणि त्यांची नातवंडं हा घोळ मिटला.

भावाला नवा खर्डा दिला. तो म्हणाला, "मस्त आहे. पण पहाटे पोटातलं जातं कुठं?"

म्हणलं आसरा नेतात.

"आणि मेंदू? तो पण अंगातच असतोय की. तो पण पहाटे परत जुना होणार. मग हिला कालचं काय आठवणार?"

या प्रश्नानं माझे चार महिने खाल्ले. खरंच. एक वेळ सगळं सोडून त्या कोटवाल्यालाच परत आणावं असं वाटलं. ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, जादू आहे, एवढं कोण बघतंय, सोडून दे. पण तसं होत नाही, एक नियम ढिला सोडला की वाचणारा पुढच्या सगळ्यांवर संशय घेतो, आणि मी स्वतः वाचताना असलंच पकडत बसते. शेवटी हिप्परग्याला गाडी घेऊन गेले होते, उन्हाळा, पाणी आत सरकलेलं, काठ भेगाळलेला, तिथं सुचलं. त्यांच्या आठवणी त्यांच्या डोक्यात नसतातच, पाण्यात असतात. तळ्यात. पहाटे अंग जुनं होतं आणि पाठोपाठ आठवणी पाण्यातनं परत येतात. तळं भरलेलं असलं की सगळं लख्ख, तळं आटलं की आठवणी पण आटतात. श्रावणात लच्चव्वाला दीडशे वर्षं आठवतात आणि मेमध्ये ती स्वतःच्या घराची गल्ली चुकते.

हे लिहून झालं, चहा केला, आणि मग मला दिसलं की मार्शल लॉ मे महिन्यातला आहे.

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती साक्षीदारच माझ्या नियमानं निकामी! तिनं बघितलं सगळं, पण तळ्यात पाणी कमी, साठवणार कशात? मी दहा मिनिटं हसत होते. मग वाटलं हेच बरोबर आहे. मला पाहिजे होती ती बाई, जिनं घडाघडा सगळं सांगितलं असतं आणि प्रकरण शाळेच्या धड्यासारखं झालं असतं. आता तिला तुकडे आठवतात. बंद दुकानं. कुणाचा तरी एका पायातला जोडा. पुढं जानेवारी, तेव्हा तळ्यात पाणी आहे, तेव्हाचं मात्र तिला स्वच्छ आठवतं, फाशीची बातमी आली त्या दिवशी तिच्या हातात तीळ निवडायचं ताट होतं. माझं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं असं भाऊ पण म्हणाला, आणि तो सहसा चांगलं म्हणत नाही.

कागदपत्रांचा भाग मला सोपा गेला, तो माझ्या पोटापाण्याचाच विषय. लच्चव्वा दर वीस-पंचवीस वर्षांनी गाव सोडते, भिवंडीला जाते, तिथनं सुरतेला, तिकडं पण आपले लोक आहेत, माग आहेत, आणि एक पिढी सरली की स्वतःचीच नात म्हणून परत येते, तोंड अगदी आजीवर गेलंय म्हणून म्हाताऱ्या गालावरनं हात फिरवतात. साखर पेठेतल्या खोलीवर तीन वेळा वारस म्हणून स्वतःचंच नाव लावून घेतलंय तिनं. जुन्या काळी जन्माचा दाखला कोण मागत होतं, ओळखीचा एक माणूस आणि अंगठा, बास.

पण आधार आलं आणि ही वाट बंद झाली. २०१० ला पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं. दहा बोटं, दोन्ही डोळे, फोटो, आणि एकदा बोटं-डोळे नोंदले की त्याच अंगाला दुसऱ्या नावानं आधार मिळत नाही. आणि लच्चव्वाची बोटं तर कधीच झिजत नाहीत, माझ्या अव्वाचं मशिन घेत नाही आणि हिचं पहिल्या झटक्यात हिरवं. म्हणजे शेवटचं जे नाव तिनं लावलं त्यातच ती अडकली. कागदावर जन्म १९८५, तोंड बावीसचं. आज चाळिशीची आहे म्हणलं तर लोक कुठली क्रीम लावता विचारतात, अजून वीस वर्षांनी काय विचारतील? दीडशे वर्षांत पहिल्यांदा तिला घाई झाली. गोष्ट आजच का घडते हे मला तोपर्यंत माहितीच नव्हतं, ते आपोआप मिळालं.

भावानं परवा नवीन काडी टाकलीय. हिप्परग्याचं पाणी गावाला पण येतं, मग नळातनं लोक तिच्या आठवणी पितात का? मी त्याला म्हणलं गप बस, आणि वहीत लिहून ठेवलं.

अव्वाला वाचून दाखवायचं मी टाळत होते. तिला अक्षर लावता येत नाही, आणि भुतांच्या गोष्टी संध्याकाळी नको म्हणते. शेवटी एका दुपारी लच्चव्वाच्या पहाटेचं प्रकरण अर्धं मराठी अर्धं तेलुगू करून सांगितलं. ती पाय पसरून बसलेली, मधेमधे हूं म्हणत होती. दुष्काळाचं ऐकून तिला नवल वाटलं नाही, तिच्या आजीकडनं काही ऐकलेलं असावं, ७२ चा तर तिनं स्वतः बघितला. सगळं झाल्यावर मी विचारलं कसं आहे.

"ती पहाटे उठून चूल पेटवते असं लिहिलंस," अव्वा म्हणाली. "पोटात एवढी आग पडल्यावर चूल पेटवेपर्यंत कोण थांबतंय?"

मी म्हणलं मग काय करणार ती?

"कडक भाकरी. महिना-दोन महिने काय होत नाही तिला. उशाला चळत ठेवायची फडक्यात बांधून, वाटीत शेंगाचटणी. डोळा उघडला की आधी तोंडात तुकडा, मग बाकीचं."

पहाटेचं प्रकरण मी परत लिहायला घेतलंय. त्यात चूल नाही. अंधारात नुसता भाकरी मोडल्याचा आवाज येतो, आणि शेजारच्या खोलीतली म्हातारी दर पहाटे तो ऐकते.